घरोघरी विचारलेले अर्थशास्त्र: गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेची वाटचाल

पुण्यात डेक्कन जिमखान्यावर भारत सेवक समाजाच्या आवारात 6 जून 1930 रोजी गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेचे काम सुरू झाले. 6 जून 2030 रोजी तिला 100 वर्षे पूर्ण होतील. शताब्दीकडे निघालेल्या या संस्थेचा इतिहास सांगताना संचालकांची नावे, इमारती आणि मानसन्मान यांची यादी देता येईल. पण ज्यांनी या संस्थेचे अहवाल वाचले आहेत त्यांना ठाऊक आहे की तिची खरी ओळख पाहणीत आहे. शिक्षण असो, आरोग्य असो, शेतीचे कर्ज असो की कायद्याचा अंमल, संस्थेची रीत एकच राहिली. आधी गावात जायचे, घरी जायचे, विचारायचे, लिहून घ्यायचे, तक्ते करायचे आणि मगच मत द्यायचे. हा लेख मुख्यतः त्या रीतीचा आणि ती पाळणाऱ्या लहानमोठ्या सर्व कार्यकर्त्यांचा आहे.

पूर्वपीठिका: 1905 ते 1930

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी 12 जून 1905 रोजी भारत सेवक समाजाची स्थापना केली. राजकारणात काम करणाऱ्याने आधी अभ्यास केला पाहिजे, हा गोखल्यांचा आग्रह त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात दिसतो. 1897 मध्ये वेल्बी आयोगापुढे त्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाची चिकित्सा केली. 1902 पासून वरिष्ठ कायदेमंडळातील त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे आकड्यांच्या भक्कम आधारावर उभी असत. 1911 मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. तरी सरकारी पैसा आणि खेड्यातल्या मुलाची शाळा हे दोन विषय एकाच माणसाने इतक्या अभ्यासाने एकत्र मांडले, ही गोष्ट मागे उरली. 19 फेब्रुवारी 1915 रोजी गोखले गेले. समाजाचे ग्रंथालय मात्र वाढत राहिले आणि 1918 पासून ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ हे साप्ताहिकही समाजाने चालवले. श्रीनिवास शास्त्री हे त्याचे पहिले संपादक.

साताऱ्याचे वकील रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या संशोधनासाठी देणगी दिली आणि तिची व्यवस्था भारत सेवक समाजाकडे सोपवली. गोखल्यांचे नाव, काळ्यांचा पैसा आणि समाजाची जागा, असा या संस्थेचा पाया आहे. विद्यापीठाबाहेर, सरकारी खात्याबाहेर, केवळ संशोधनासाठी संस्था काढण्याची कल्पना त्या काळी आपल्याकडे दुर्मिळ होती. काळे यांच्यासारख्या जिल्ह्याच्या गावच्या वकिलाला ती सुचावी आणि त्याने तिला आपला पैसा द्यावा, याचे मोल या लेखकाला फार मोठे वाटते.

1930 ते 1940: पहिली पावले

संचालक म्हणून धनंजय रामचंद्र गाडगीळ यांची निवड झाली. नागपुरात 10 एप्रिल 1901 रोजी जन्मलेले धनंजयराव तेव्हा 29 वर्षांचे होते. केंब्रिजमध्ये लिहिलेला त्यांचा प्रबंध भारताच्या औद्योगिक वाटचालीवरील ग्रंथ म्हणून 1924 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर त्यांनी मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडा काळ काम केले होते आणि सुरतेच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले होते. 1930 पासून 1966 पर्यंत, म्हणजे 36 वर्षे ते संस्थेचे संचालक होते.

सुरुवातीचे दिवस साधेपणाचे होते. माणसे मोजकी, पैसा बेताचा. नवी संस्था अशा वेळी मोठ्या सिद्धांताकडे वळली असती तर नवल नव्हते. गाडगिळांनी मात्र मंडईत जायचे ठरवले. पुण्यातल्या फळांच्या विक्रीची पाहणी 1933 मध्ये प्रसिद्ध झाली. बागाईतदाराकडून निघालेले फळ गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत किती हातांतून जाते आणि प्रत्येक हातात किती पैसा राहतो, हा तिचा विषय होता. 1935 मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीची पाहणी आली. त्या वेळी मोटारबस खेड्यापर्यंत नुकती पोहोचू लागली होती आणि बैलगाडीचा बाजार बदलत होता. त्याच दशकात ओटावा कराराच्या संदर्भात साम्राज्यांतर्गत व्यापारसवलतींचीही संस्थेने चिकित्सा केली. मोठा प्रश्न हाती घेताना तिने लहान प्रश्न सोडले नाहीत.

पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी 1936-37 मध्ये झाली. शहरातील कुटुंबे, त्यांचे उत्पन्न, धंदे, घरे आणि जाती या सगळ्यांची इतक्या बारकाईने केलेली ही नोंद पुढे दोन खंडांत प्रसिद्ध झाली. आर्थिक खंड 1945 मध्ये निघाला आणि सामाजिक खंड 1952 मध्ये. मधल्या काळात महायुद्ध आले, स्वातंत्र्य आले, तरी काम टाकून दिले गेले नाही. पुढे हेच शहर पुन्हा पाहून 1956 मध्ये फेरपाहणी प्रसिद्ध झाली. एकच शहर दोनदा मोजले म्हणून त्यातला बदल दिसू शकला. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणीही याच काळातली असून तिचा अहवाल 1940 मध्ये निघाला.

रावबहादूर काळे यांच्या स्मरणार्थ वार्षिक व्याख्यान सुरू झाले. 29 जानेवारी 1939 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या व्याख्यानात 1935 च्या कायद्यातील संघराज्य योजनेची परखड चिकित्सा केली. संस्थानिकांची राज्ये लोकशाही नसताना त्यांना संघराज्यात वजन देणे धोक्याचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. अर्थशास्त्राबरोबर राज्यशास्त्रही संस्थेच्या नावात आहे, ते त्या संध्याकाळी सार्थ झाले.

1940 ते 1950: युद्ध, टंचाई आणि नवा देश

युद्धाच्या काळात धान्य महागले, माल मिळेनासा झाला आणि पगारदाराचे कंबरडे मोडले. संस्थेने या विषयाला थेट हात घातला. युद्ध आणि हिंदुस्थानचे आर्थिक धोरण यांवरील गाडगीळ व एन. व्ही. सोवनी यांचे पुस्तक 1943 चे आहे. वेतनाच्या नियमनावरील लेखनही त्याच वर्षीचे. किंमत नियंत्रण आणि नियमित वाटप यांविषयी गाडगिळांचे मत ठाम होते. टंचाईच्या काळात बाजार मोकळा सोडला तर गरिबाच्या ताटातले आधी जाते, असे ते मानत. 1947 मध्ये किंमत मंडळावर सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला यांच्यासोबत त्यांची नेमणूक झाली.

गो. स. घुर्ये यांचे आदिवासींविषयीचे महत्त्वाचे पुस्तक 1943 मध्ये संस्थेनेच प्रसिद्ध केले. सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी 1947 मध्ये आली. कोल्हापूर शहराची पाहणी सोवनी यांनी केली. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अहवाल 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्याचा फायदा केवळ पाणीपट्टीत मोजायचा, ही सरकारी रीत होती. संस्थेने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात भिजणारी गावे आणि कोरडवाहू गावे शेजारी ठेवून पाहिली. पिके, मजुरी, जमिनीची किंमत, व्यापार, गावात येणारा पैसा असा सगळा हिशेब केला. धरण बांधायचे की नाही हे ठरवताना कोणता फायदा धरायचा, या चर्चेला त्या अहवालाने नवे वळण दिले.

त्याच प्रवरा खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1950 च्या अखेरीस लोणीच्या परिसरात ऊस गाळला जाऊ लागला. शेतकरी आणि अर्थशास्त्रज्ञ एकाच मंडळात बसले आणि सहकाराचे गणित कागदावरून मळ्यात उतरले. महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाला या जोडीने जी दिशा दिली तिची व्याप्ती नंतरच्या पिढ्यांनी पाहिली.

1950 ते 1960: पाहणीचे सुवर्णदशक

संस्थेच्या इतिहासातले हे सर्वांत समृद्ध दशक असे या लेखकाला वाटते, आणि म्हणून येथे थोडे थांबायला हवे.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत महालनोबिसांच्या हाताखाली घडलेले वि. म. दांडेकर संस्थेत आले आणि पाहणीला सांख्यिकी शास्त्राची बैठक मिळाली. किती गावे निवडायची, कोणती, कशी, एका घरी किती प्रश्न विचारायचे, उत्तर चुकीचे असू शकेल तर ते कसे ओळखायचे, हे शास्त्र होते. ते शिकणाऱ्यांत आणि शिकवणाऱ्यांत दांडेकरांचे स्थान अग्रणी आहे. राष्ट्रीय उत्पन्न समितीत 1949 पासून महालनोबिस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर गाडगीळ होते. देशाचे उत्पन्न मोजायचे तर आधी घराचा खर्च मोजावा लागतो. यातूनच राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या पहिल्या फेरीत संस्थेने वेगळ्या प्रश्नावल्या वापरून काम केले. त्यांवरील दांडेकरांचा अहवाल 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पुणे प्रश्नावली’ हे नाव सांख्यिकीच्या वर्तुळात रूढ झाले. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती बदलते, हे दोन्ही प्रकारच्या प्रश्नावल्यांच्या तुलनेने दाखवले. आज लाखो घरांच्या पाहण्या होतात, पण प्रश्नाच्या शब्दरचनेवर इतका विचार किती ठिकाणी होतो, हे विचारण्यासारखे आहे.

आरोग्य आणि लोकसंख्या या क्षेत्रात कुमुदिनी दांडेकर आणि वि. म. दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन आणि मृत्यूची पाहणी केली. ती 1953 मध्ये प्रसिद्ध झाली. किती मुले झाली, किती जगली, किती गेली, हे प्रश्न बाईच्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण गोष्टींना हात घालणारे होते. ते विचारायचे तर प्रश्नाबरोबर माणुसकीही लागते. कुमुदिनीबाईंनी पुढे लोकसंख्याशास्त्र हा संस्थेचा स्थिर विभाग म्हणून उभा केला. सहा ग्रामीण वस्त्यांची लोकसंख्या पाहणी 1959 मध्ये आली आणि महाराष्ट्रातील नसबंदी शिबिरांवरील त्यांचा अभ्यास 1963 मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिबिरांचे आकडे जाहीर करणे सोपे होते. त्यापलीकडे जाऊन शस्त्रक्रिया करून घेणारे लोक कोण होते आणि का आले होते, हे त्यांनी पाहिले.

शिक्षणाच्या क्षेत्रात साताऱ्याचे काम विशेष आहे. गाडगीळ आणि दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणावर केलेल्या दोन पाहण्यांचे अहवाल 1955 मध्ये एकत्र निघाले. एका पाहणीत शाळा सोडलेल्या माणसांना पुढे वाचता येते की निरक्षरतेकडे ती परत घसरतात, हे पाहिले. दुसरीत शाळेतील गळती आणि एकाच इयत्तेत अडकून राहणे यांचा अभ्यास होता. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून काम संपत नाही, शाळेच्या पटावर नाव असणे आणि अक्षर टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे साताऱ्याच्या खेड्यांतून सांगितले गेले. गोखल्यांच्या 1911 च्या विधेयकापासून सुरू झालेला धागा असा साताऱ्यापर्यंत आला आणि संस्थेला देणगी देणारे काळेही साताऱ्याचेच. शाळेत दाखल झालेल्या मुलाला परिच्छेद वाचता येतो का, हे तपासणाऱ्या देशव्यापी पाहण्या 2005 पासून नियमित होत आहेत. त्यांच्याही कितीतरी आधी हा प्रश्न येथे विचारला गेला होता. संस्थेच्या सर्व प्रकाशनांपैकी निदान हा अहवाल पुन्हा छापावा आणि शिक्षणखात्यात वाचला जावा, असे मनापासून वाटते.

कूळकायद्याची कथाही अशीच. 1948 च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याचा अंमल कसा होतो, हे दांडेकर आणि खुदानपूर यांनी तपासले. त्यांचा अहवाल 1957 मध्ये आला. कुळे ‘खुषीने’ राजीनामे देत होती, असे दप्तर सांगत होते. शेतावर जाऊन विचारले तेव्हा त्या खुषीची किंमत कळली. मालकाचा दाब, कर्ज, अज्ञान, पुढच्या वर्षी दुसरे शेत मिळेल की नाही ही धास्ती, हे सगळे त्या राजीनाम्यांमागे उभे होते. 1 एप्रिल 1957 या कृषकदिनाने कुळांना जमिनीचे मालक करण्याची दिशा आली. पण कायदा लागू झाला म्हणजे तो अमलात आला असे धरू नये, ही शिकवण त्या अहवालाने अभ्यासकांना दिली.

1957 मध्येच दांडेकर आणि जगताप यांचे ‘महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना’ हे मराठी पुस्तक निघाले. ज्या गावांत पाहणी झाली त्यांची भाषा मराठी, तेव्हा तिचे निष्कर्ष मराठीत यावेत, हा विचार यात आहे. संस्थेचे बहुतेक लेखन इंग्रजीत राहिले, ही तिची अडचण म्हणावी लागेल. अशी मराठी पुस्तके अधिक निघायला हवी होती.

शेतीकर्जाचे काम या दशकात देशाच्या धोरणाला भिडले. 1944-45 मध्ये गाडगिळांच्या अध्यक्षतेखाली शेती वित्त उपसमिती बसली होती. त्यानंतर 1951 ते 1954 मध्ये अखिल भारतीय ग्रामीण कर्ज पाहणी झाली. गोरवाला तिचे अध्यक्ष होते आणि बी. वेंकटप्पय्या, गाडगीळ, एन. एस. आर. शास्त्री हे सदस्य. शेतकऱ्याला लागणारे बहुतेक कर्ज सावकाराकडून येते आणि सहकारी पतसंस्थांचा वाटा नगण्य आहे, हे पाहणीत निघाले. सहकाराला सरकारने भांडवल देऊन उभे करावे आणि बँकव्यवस्था खेड्याकडे वळवावी, अशा शिफारशी तिने केल्या. त्यांच्या आधारे 1 जुलै 1955 रोजी इम्पीरिअल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली.

संशोधनाचा आवाका वाढत गेला तसे विभागही वाढले. 1954 मध्ये कृषी अर्थशास्त्र संशोधन केंद्र सुरू झाले आणि मार्च 1959 पासून ‘अर्थविज्ञान’ हे त्रैमासिक संस्थेतून निघू लागले.

1960 ते 1970: संक्रमण

1965 मध्ये सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1966 मध्ये गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि पुढच्या वर्षी नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. संस्थेचे संचालकपद दांडेकरांकडे आले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटावी याचे 1969 चे सूत्र गाडगिळांच्याच नावाने ओळखले जाते. लोकसंख्येला 60 टक्के वजन देणारे ते सूत्र म्हणजे राज्यांच्या हक्काला मोजमापाची भाषा देण्याचा प्रयत्न होता.

त्याच वर्षी राष्ट्रीय पत परिषदेच्या अभ्यासगटाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जिल्हा हे एकक धरून बँकांनी कर्जाची योजना आखावी, असे सुचवले. त्यातून डिसेंबर 1969 मध्ये अग्रणी बँक योजना आली. आज प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँक आहे आणि वार्षिक पतआराखडा बनतो. त्याच्या मुळाशी या अभ्यासगटाचे काम आहे, हे फार थोड्या बँक अधिकाऱ्यांना माहीत असते.

संचालक बदलले, कामाची घडी बदलली. प्रत्येक मोठ्या संस्थेप्रमाणे येथेही विचारांचे मतभेद झाले. पण पाहणीची रीत सर्वांनाच मान्य होती आणि त्यामुळे कामात खंड पडला नाही.

1970 ते 1980: दारिद्र्याची रेषा आणि दुष्काळ

1971 च्या जानेवारीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या दोन अंकांत दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. दरडोई दररोज 2,250 उष्मांक मिळतील इतके अन्न ज्या खर्चात येते तो खर्च त्यांनी किमान धरला. त्या निकषावर ग्रामीण भागातील सुमारे 40 टक्के आणि शहरांतील सुमारे 50 टक्के लोक दारिद्र्यात होते. नियोजनाची 20 वर्षे झाल्यावर हा आकडा देशापुढे आला. त्यावर वाद झाले, टीका झाली, दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. पण त्यानंतर दारिद्र्याविषयी बोलणाऱ्या कोणालाही मोजमापाशिवाय बोलता आले नाही, हे या निबंधाचे यश आहे. नमुना पाहणीच्या प्रश्नावल्यांवर या संस्थेत 1950 च्या सुमारास जे काम झाले होते, त्याच पाहणीच्या आकड्यांतून हा निष्कर्ष निघाला.

3 मे 1971 रोजी दिल्लीहून पुण्याला परत येताना प्रवासातच गाडगिळांचे निधन झाले. संस्थेच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव देण्यात आले.

1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हादरवले. सुलभा ब्रह्मे यांनी या दुष्काळाचा आणि पाटबंधारे नियोजनाचा जो अभ्यास केला त्याने पाणी कुठे गेले आणि कोणाला मिळाले, हा प्रश्न पुढे आणला. रोजगार हमी योजना याच काळातली. तिच्या कामांवर कोण येते, किती दिवस येते, कोणती कामे होतात, हे दांडेकर आणि माधव साठे यांनी तपासले आणि 1980 मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध केला. योजनेचे कौतुक करण्याआधी तिच्या मजुरांची गणती करायची, ही संस्थेची जुनीच सवय येथेही दिसली.

पीक विम्याचा विचार याच दशकात दांडेकरांनी मांडला. प्रत्येक शेतकऱ्याच्या नुकसानीचा पंचनामा करणे अशक्य. त्याऐवजी एका परिसरातील पीक कापणी प्रयोगांचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाखाली गेले की त्या परिसरातल्या सर्व विमाधारकांना भरपाई द्यावी, हे क्षेत्राधारित तत्त्व त्यांनी 1976 मध्ये मांडले. भारतीय सर्वसाधारण विमा महामंडळाने 1979 मध्ये प्रायोगिक योजना घेतली आणि 1985 मध्ये देशव्यापी सर्वंकष पीक विमा योजना आली. आजच्या पीक विम्यातही क्षेत्राचे ते तत्त्व कायम आहे. त्याच्या अंमलबजावणीतील तक्रारी खऱ्या आहेत. पण मूळ कल्पना विज्ञानाची होती आणि गरिबाच्या बाजूची होती.

1980 ते 1990: न्यायालयाच्या दारात

या दशकातली एक घटना राज्यशास्त्राच्या बाजूची आहे. संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा बिहारमधील जमिनीच्या व्यवस्थेचा अभ्यास करत असताना त्यांना अध्यादेशांची एक विचित्र परंपरा दिसली. विधिमंडळात विधेयक न आणता तोच अध्यादेश पुन्हा पुन्हा काढला जात होता. 1967 ते 1981 या काळात बिहारमध्ये 256 अध्यादेश निघाले. त्यांतला एक ऊसखरेदीविषयीचा अध्यादेश जवळजवळ 14 वर्षे जिवंत राहिला. वाधवांनी दप्तरातून सगळी यादी तयार केली, 1983 मध्ये पुस्तक लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. 20 डिसेंबर 1986 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. वाधवांच्या परिश्रमांची दखल घेऊन न्यायालयाने त्यांना 10,000 रुपये देण्याचा आदेशही दिला. राजपत्राची पाने चाळून एका प्राध्यापकाने घटनेच्या रक्षणाला दिलेला हा आधार आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

दरम्यान 1983 मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रादेशिक असमतोलाचा शोध घेणारी समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष दांडेकर झाले. 1984 च्या अहवालाने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांचा रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य, वीज अशा क्षेत्रांतला अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये एवढा मोजला. आजही विधानसभेत अनुशेषावर चर्चा झाली की त्या अहवालाचा आधार निघतो. शाळा, दवाखाने आणि पाणी हे तीन विषय एकाच कोष्टकात बसवण्याचे काम अवघड होते. ते जमले, कारण ही क्षेत्रे वेगवेगळ्या दालनांत कोंडून पाहायची सवय दांडेकरांच्या घडणीतच नव्हती.

1990 ते आजपर्यंत

7 मे 1993 रोजी संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संशोधनाबरोबर अध्यापनही वाढले. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत वित्तीय अर्थशास्त्र आणि कृषिव्यवसाय अशा शाखा आल्या आणि पुढे पदवी अभ्यासक्रमही सुरू झाला. 1992-93 च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचे काम संस्थेच्या लोकसंख्या संशोधन केंद्राने मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेबरोबर केले. बालमृत्यू, लसीकरण, प्रसूती, कुटुंबनियोजन यांविषयी राज्याचे धोरण ठरवताना ही आकडेवारी वापरली गेली. आरोग्य कार्यक्रमांच्या तपासणीचे कामही या केंद्राकडे आले. 1953 च्या पुणे जिल्ह्याच्या पाहणीचा हा थेट वारसा आहे.

30 जुलै 1995 रोजी वि. म. दांडेकर गेले. गाडगिळांनंतरचा संस्थेचा दुसरा आधारस्तंभ त्यांच्याबरोबर गेला. पण त्यांनी शिकवलेली माणसे विद्यापीठांत, बँकांत, शासनात आणि स्वयंसेवी संस्थांत पसरली होती.

ग्रंथालयाचे काम वेगळे सांगायला हवे. 1905 पासूनचा भारत सेवक समाजाचा संग्रह आणि नंतरचा संस्थेचा संग्रह मिळून हे देशातील अर्थशास्त्राच्या मोठ्या ग्रंथालयांपैकी एक झाले. संयुक्त राष्ट्रांच्या प्रकाशनांचेही हे भांडार आहे. ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’चे जुने अंक आणि संस्थेची दुर्मिळ प्रकाशने संगणकावर आणण्याचे काम ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांनी केले. जुन्या पानांची छायाचित्रे काढणारी, नावे लावणारी ही माणसे कोणत्याही अहवालाच्या मुखपृष्ठावर नसतात. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील संशोधकाला आज पुण्याच्या जुन्या पाहण्या वाचता येतात, ते त्यांच्यामुळे.

अलीकडच्या वर्षांत प्रशासनाला आव्हानांना तोंड द्यावे लागले आणि त्यांतून मार्ग काढण्याचे काम चालू आहे. अशा काळातही वर्ग भरतात, केंद्रांची पाहणीची कामे चालतात आणि ‘अर्थविज्ञान’चा अंक निघतो. सध्याचे प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी, कर्मचारी आणि भारत सेवक समाजाचे सदस्य यांच्या एकत्र प्रयत्नाने संस्था शताब्दीकडे निघाली आहे.

या लेखात संचालक आणि लेखकांची नावे आली. ज्यांनी साताऱ्याच्या वाड्यांत, प्रवरेच्या काठी, सोलापूरच्या विणकर वस्तीत, पुण्याच्या पेठांत प्रश्नावल्या भरल्या, त्या अन्वेषकांची नावे बहुतेक अहवालांत कुठेतरी आभारात दबलेली आहेत. काही नुसतीच आद्याक्षरांत आहेत. संस्थेच्या जुन्या अन्वेषकांनी, त्यांच्या कुटुंबीयांनी किंवा ज्यांच्या घरी अशा पाहण्यांसाठी कोणी येऊन बसले होते त्यांनी आपल्याकडे असलेल्या वह्या, पत्रे, छायाचित्रे आणि आठवणी धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाकडे कळवाव्यात. शताब्दीपर्यंत त्यांची एक पूर्ण नामावली तयार व्हावी, अशी सर्व वाचकांना नम्र विनंती आहे.